तारेचं भाडं

मोटारीच्या पायरीवरून ती बाई खाली उतरली, डोक्यावरचा पदर मागे सरकला, आणि मी पाहिलं — ती तुळसा होती. माझी पाठची बहीण. तिला मीच उतरवलं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवीपुढंही नाही. तुम्हाला सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळेना, म्हणून औंधहून रहिमतपूर स्टेशनला दिवसाला एकच मोटार जायची. माणसं ढीगभर, जागा मोजक्या. मोटारीच्या अड्ड्यावर माझं खण-नारळाचं दुकान — दुकान कसलं, एक फळी. एजंट तिथंच उभा राहून भाडं घ्यायचा. ते सगळ्यांना सारखं नसायचं. देवीला आलेला माणूस उद्या परतला तरी चालतं, त्याला नेहमीचं. कोर्टाची तारीख असली तर दीडपट. हातात तार असली तर तिप्पट. "जागा तीच हाय, वैनी," एजंट म्हणायचा, "पर समद्यांची नड सारखी नसती."

पण नडलेला कोण, हे त्याला कसं कळायचं? मी सांगायची. फळीवरून मला सगळं दिसायचं — कोण घाबरलंय, कुणाच्या मुठीत कागद आहे. तसा माणूस एजंटापुढं आला की, नारळ वाजवून बघतात तशा मी दोन टिचक्या मारायची. त्याच्या बदल्यात माझी नारळाची पोती स्टेशनवरून फुकट यायची. वाईट वाटायचं का? नाही. हुशारी वाटायची.

त्या दिवशी एक बाई पळत आली ती थेट मोटारीत चढली. मला पाठ दिसली, आणि मुठीतली तार. मी टिचक्या मारल्या.

"आवं बाई, तारंचं भाडं येगळं पडतं."

"तार हाय ह्ये तुमाला कुणी सांगितलं?"

"मला समदं कळतंय. देताय का उतरताय? मागं व्यापारी उभा हाय."

मोटारीच्या घरघरीत मी आवाज ओळखला नाही. मग ती उतरली.

तिच्या जागेवर व्यापारी बसला. तुळसा माझ्या फळीकडं वळली. मलाच शोधत होती — त्या अड्ड्यावर तिचं दुसरं होतं कोण? पैसे माझ्या कनवटीला होते. नुसतं उठायचं होतं. पण कुणी सांगितलं, हे ती आत्ताच विचारत होती. मी उठले असते तर एजंट माझ्याकडं बघून हसला असता, आणि तिला कळलं असतं. मी पोत्याआड वाकले.

मान वर केली तेव्हा मोटार गेली होती. तिच्या धुरळ्यातून तुळसा चालत निघाली होती. तेव्हा तरी हाक मारली का? नाही.

तिचा नवरा पलटणीत होता. लढाईवर निघालेली त्याची गाडी दुपारी रहिमतपूरला थोडा वेळ थांबणार होती — तार त्याचीच. ती पोचली तेव्हा स्टेशन रिकामं होतं.

पुढं जन्मभर ती म्हणायची, "अक्का, त्या दिवशी तू फळीवर असतीस, तर माजी गाठ पडली असती बघ." आणि मी म्हणायची, "व्हय गं." दर वेळी.

परवा नातू विमानाच्या तिकिटावरून चिडला होता. शेजारच्या खुर्चीवाल्यानं महिनाभर आधी काढलं, त्याला स्वस्त. ह्याला मयतीला जायचं होतं, ऐनवेळी काढलं, तर तिप्पट. मला म्हणाला, "आजी, मयत काय आधी कळवून होते? हा कुठला न्याय?" मी हातातलं ताट खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी, घरात बसून, मला त्या टिचक्या ऐकू आल्या.

तुळसाचा नवरा लढाईवरून परत आला नाही. एजंट मेला. तुळसाही गेली, अक्का त्या दिवशी फळीवर नव्हती असंच सगळ्यांना सांगत. मी आहे.