वरून टाकलेली वाटी

गुरवाचा हात हवेतच थांबला. हातात आमच्याच नारळाची अर्धी वाटी होती. त्याने मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मायच्या पदराकडे.

पदरानेच घात केला होता. नवरात्राची गर्दी होती, आम्हाला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं. आमच्या बीबी गावाहून एसटीने साखरखेर्ड्याच्या बाजूला आलो, पुढे टेकडीवरच्या देवीपर्यंत पायी. पाय धुऊन पायऱ्या चढलो. रांगेतल्या बाया प्रसादाला हात पुढे करत होत्या, गुरव हातावर ठेवत होता. माय मात्र मागे सरली, वाकली आणि पदर पसरून उभी राहिली. वरून टाकलेलं झेलायला. विहिरीवर, दुकानात, लग्नाच्या पंगतीबाहेर, जन्मभर तिला असंच मिळालं होतं.

"कोन गावच्या व्हय तुमी? कोन्त्या लोकाईच्या?"

मायला खोटं बोलता आलं असतं. तिने हात जोडले. "महारवाड्यातल्या आहो, महाराज. पोरीचा नवस होता."

घंटा थांबली. मागच्या बाया लुगडी सावरत भिंतीला चिकटल्या.

नवस जुना होता. लहानपणी मला देवी आल्या तेव्हा माय बोलली होती, पोर वाचली तर तुझ्या दारात आणीन आणि तुझ्यापुढचं खोबरं तिला खाऊ घालीन. मी वाचले. तोंडावर वण राहिले. पुढे आम्ही बौद्ध झालो तेव्हा बापाने घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, पण मायच्या मनातून हा नवस गेला नाही. बापाला न सांगता ती मला घेऊन आली होती. मी ते खोबरं खाल्लं नाही तर देवी दिलेला जीव परत नेणार, यात तिला तिळभर शंका नव्हती.

गुरवाने वाटी पायरीवर फेकली. त्याच्या घरच्या बाईने पाण्याची कळशी आणून लांब ठेवली.

"आंदी पायरी धुवा. मंग उचला."

एक काठीवाला खाली उतरायच्या वाटेवर येऊन उभा राहिला. माय लगेच वाकली. मी तिचं मनगट धरलं.

"धुवाची नाही, माय."

"खोबरं घेऊ दे व बाई. तुह्या जिवाचं हाय थे."

"मले नाही पाह्यजे."

गुरव हसला. "पाहून घेजो. देवी सोडनार नाही तुले."

काठीवाल्याने वाट दिली, पण आमच्या मागोमाग चालत आला. आणखी माणसं त्याला मिळाली. शिवी नाही, धक्का नाही, बोलणंसुद्धा नाही. एसटी येईपर्यंत ती माणसं रस्त्यापलीकडे उभी होती. माय सारखी माझ्या कपाळाला हात लावून पाहत होती.

आणि ताप आलाच. घरी पोचल्यावर थोड्याच दिवसांत. अंग नुसतं भाजून निघालं. खरं सांगते, मीही भ्याले. डोळे मिटले की पायरीवर पडलेली ती वाटी दिसायची, तिच्यापुढे हसणारा गुरव दिसायचा. माय उशाशी बसून टेकडीच्या दिशेने हात जोडायची.

एका सकाळी डोळे उघडले तर माय निघायच्या तयारीत. पदर खोचलेला, काखेत केरसुणी, हातात नवा नारळ. ती पायरी धुवायला चालली होती.

मी भिंत धरून उठले आणि दारात आडवी बसले.

"काऊन उठली व? पड."

"मी मेली त तापानं मेली म्हन. पन थ्या पायरीपाशी जाऊ नको."

"पोरी, मले तू पाह्यजे."

"मले बी तू पाह्यजे, माय. पन वाकलेली नको."

तिने मला हाताला धरून ओढलं. मी चौकट सोडली नाही. मग ती तिथंच खाली बसली आणि नारळ मांडीवर घेऊन रडली. मी तिची समजूत काढली नाही.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी ताप उतरला. उतरला नसता तरी मी दारातून उठले नसते. त्या दिवसापासून वरून टाकलेलं मी काही घेत नाही. माणसाने टाकलेलं घेत नाही. देवीने स्वतः टाकलं, तरी ते पायरीवरच पडून राहील.