दप्तर पाठीला लावणाऱ्या बाई

आमच्या मध्यस्थीच्या बाईंइतकं हट्टी माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत दुसरं सापडायचं न्हाई, आणि या पट्ट्यात हट्टी माणसांची टंचाई हाय असं कुणी समजू नये. माझाच पोरगा त्यातला. त्याचं आणि सुनेचं फाटलं, सून लातूरला माहेरी गेली आणि सात वर्षांची ओवी कुणाकडं राहायची यावरून दोघं कोर्टात गेले. कोर्टानं समेटासाठी या बाईंकडं धाडलं. बाईंची रीत अशी, की लेकराला जे करायला लावायचं ते आधी स्वतः करून बघायचं. एका भांडणात बाप म्हणाला, माझी पोरगी कारलं आवडीनं खाते. बाईंनी त्याच्या घरचा डबा मागवला, दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "खोटं बोलताय." नवरा-बायकोला त्या समोरासमोर कधी बसवायच्या न्हाईत. एकाच बाकावर शेजारी बसवायच्या. "भांडायचं तर माझ्याकडं बघून भांडा, मला सवय आहे."

चौथ्या बैठकीत आमचं जमलं. आठवड्यातले तीन दिवस नांदेड, चार दिवस लातूर. "आणि शाळा?" बाईंनी विचारलं. "दोन्हीकडं नाव घालू," पोरगा म्हणाला. सूनही लगेच "हाव" म्हणाली. वर्षभरात दोघांचं एकमत झालं ते या येडेपणावर! बाईंनी सह्या करू दिल्या न्हाईत. सुनेकडून ओवीचं दप्तर मागून घेतलं, लातूरच्या स्टँडवर ते पाठीला लावलं आणि एसटीत चाकावरची सीट धरून नांदेडला आल्या, थेट आमच्या दारात. केस विस्कटलेले, तोंड पांढरं. "अहमदपूरच्या पुढं उलटी झाली मला. आणि पोरीनं हे दर आठवड्याला करायचं?"

"बाई, जिवाला जपा," मी म्हणलो.

"जिवालाच जपतेय, काका. तिच्या."

मग म्हणाल्या, शाळा सुटल्यावर बाप कामावरून येईस्तोवर ओवी जिथं बसेल तिथं मी बसते. चार ते सात बसल्या. त्या खुर्चीवर, मी खाटेवर. आमची ही गेल्यापासून टीव्ही बंद, चुलीवर एकवेळचं. खरं सांगतो, ओवीला आणायसाठी पोराला मीच टोचत होतो. घर खायला उठायचं. वाटायचं, पोर आली की आवाज होईल. सातला बाई उठल्या. "काका, तीन तासांत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी साठीची बाई, मला रडू यायला लागलं."

लई राग आला मला. दोन दिवस जेवलो न्हाई. पण पुढच्या बैठकीत सगळ्यांदेखत पोराला म्हणलो, "शाळेचे दिवस ती आईकडं राहू दे. मी तुला टोचलं ते माझ्यासाठी, लेकरासाठी न्हाई." पोरानं मान खाली घातली. म्हणाला, "बरं." सून बाकावरून उठून माझ्यापाशी आली. "मामा, महिन्यातून दोन शनिवार मी स्वतः तिला आणून सोडीन. सुट्ट्या तुमच्याकडं."

आता ओवी येते. आदल्या संध्याकाळी मी रिकाम्या घरात मोठ्यानं बोलून बघतो, पंधरा दिवसांत न बोलून घसा धरलेला असतो. मग तिला सांगत सुटतो, आज्जी कशी हसायची, कशी रुसायची, कुणाशी भांडायची. परवा ती कान झाकून म्हणाली, "आजोबा, तुम्ही लई बोलता."

आमच्या हिनं ऐकायला पाहिजे होतं. जन्मभर हिची तक्रार उलटी होती.