साडभाऊंच्या कुलपाचं तेलपाणी

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कुलपांवर एवढी माया करणारा दुसरा माणूस कुणी दाखवला, तर मी त्याच दिवशी मिशा उतरवून त्याच्या हातात देईन. हे माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते अकोल्यात घर बांधून राहिले आणि त्या घरात जे जे म्हणून बंद होऊ शकतं, त्याला त्यांनी कुलूप घातलं. कपाटाला कुलूप, कोठीला कुलूप, गच्चीला कुलूप, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही कुलूप. टाकीतलं पाणी कोण चोरणार, असं मी एकदा विचारलं. "साडभाऊ, तुमी अमरावतीचे," ते माझी कीव करत म्हणाले, "तुमाले नाई समजनार." अकोल्याला नळ किती दिवसांनी येतो हे आठवून मी प्रश्न मागे घेतला.

बरं, कुलूप लावलं म्हणजे संपलं असं नाही. लावलेलं कुलूप ओढून पाहायचं, चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढायचं. एकदा आम्ही दोन्ही घरची मंडळी गाडी करून चिखलदऱ्याला निघालो. परतवाड्याला चहाला थांबलो, तर साडभाऊंचा चहा बशीतच निवतोय. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "दार ओढून पाह्यलं का नाई, आठवूनच नाई राह्यलं." गाडी उलटी फिरली. अकोल्याला पोचल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी दार गदगदा हलवलं आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. "बंदच हाये बापा." दार उघडं सापडलं असतं, तर निदान आमच्याकडे मान वर करून पाहता तरी आलं असतं! चिखलदरा त्या वर्षी राहिला तो राहिलाच. वाटेसाठी केलेल्या दशम्या आम्ही त्यांच्याच ओसरीवर बसून खाल्ल्या.

दसऱ्याला लोक अवजारं पुजतात, गाड्यांना हार घालतात. साडभाऊ कुलपं पुजतात. सगळी कुलपं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि प्रत्येकाच्या तोंडात तेलाची धार सोडायची. समोरच्या दारातलं कुलूप दारातच बसवलेलं, त्याला पाटावर येता येत नाही, म्हणून त्याचा मान जाग्यावर. तेल मात्र जवसाचं. सुतार दाराला जवसाचं तेल लावतो, मग दाराला मानवतं ते दाराच्या कुलपाला का मानवू नये, असा त्यांचा बिनतोड हिशेब. ताई, म्हणजे माझी मेहुणी, दरवर्षी चटणी कुटता कुटता ओरडायची, "अहो, या तेलाच्या बाटलीचं बूच चिकटते, मले दोन हातानं निंघत नाई. कुलूप नाई का चिकटनार?"

"तू आपली चटनी पाह्य," असं म्हणून साडभाऊ आणखी एक धार सोडायचे.

गेल्या हिवाळ्यात ताईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, नाहीतर पाय आखडतील. पण साडभाऊंच्या मनात भीती बसली होती. ऑपरेशनच्या आधी ते भाजी आणायला गेले असताना ताई न्हाणीत पडली होती आणि ते येईपर्यंत तशीच पडून होती. म्हणून आता बाहेर जाताना ते तिचा वॉकर उचलून समोरच्या खोलीत ठेवत आणि बाहेरून कुलूप लावत. दार उघडायलासुद्धा तिनं उठू नये. ताई फोनवर माझ्याशी बोलताना रडवेली झाली. "भाऊजी, पाय बरे झाले, पन मले कोनी चालूच नाई देऊन राह्यलं. असंच चाललं तं मी कायमची खाटेवर."

समजूत घालायला म्हणून मी मोर्शीच्या संत्र्यांची पिशवी घेऊन अकोल्याला गेलो. साडभाऊ मला स्टँडवर घ्यायला आले होते. घरी पोचलो, त्यांनी किल्ली घातली, फिरवली. फिरेना. दात ओठ खाऊन फिरवली आणि कट्‌ असा आवाज झाला. किल्लीची मूठ त्यांच्या हातात, दांडी कुलपात.

मागच्या दाराला आतून कडी. खिडक्यांना गज. गल्ली जमली. कुणी केसातली पिन काढून दिली, कुणी चिमटा आणला, कुणी लोहचुंबक आणलं. किल्लीची दांडी आत चिकटून बसली होती, जशी काही तिथेच जन्मली होती. किल्लीवाल्याला फोन केला, तर तो मूर्तिजापूरला मेहुण्याच्या लग्नात. संध्याकाळशिवाय येणार नाही. साडभाऊंनी शेजारच्या काकूंकडून वाटी मागवली.

आतून ताईचा आवाज आला. "काय टाकून राह्यले?"

"तेल."

"कायचं?"

साडभाऊंनी हातातल्या वाटीत पाहिलं. मग हळूच म्हणाले, "जवसाचं."

"टाका! अजून टाका! वरून कुकू बी लावा त्याले!"

गल्ली खदाखदा हसली. साडभाऊ हसले नाहीत. ते वळसा घालून ताईच्या खोलीच्या खिडकीशी गेले. ती खाटेवर बसली होती. पाण्याचा तांब्या तिच्या हाताला लागत नव्हता, हे पाहून त्यांनी माझ्या पिशवीतली संत्री गजांतून एकेक करून तिच्या मांडीवर टाकायला सुरुवात केली. "खाऊन घे व. संध्याकायपर्यंत दम काढ." एक संत्रं तिच्या कपाळावर बसलं. ताईनं ते बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि पाय खाली सोडले.

"मी उठून राह्यली. मांगच्या दाराची कडी काढतो."

"नोको उठू! पडशीन!"

"वॉकर कुठी हाये?"

"समोरच्या खोलीत."

"मंग राहू द्या तिथंच."

खाटेची कड, मग खुर्ची, मग भिंत, आणि ताई खिडकीतून दिसेनाशी झाली. साडभाऊ मागच्या दाराकडे पळाले आणि त्या बंद दाराला कपाळ टेकून उभे राहिले. "भिंत धर. धरली का? फरशी ओली तं नाई? अवो, बोलत राह्य!"

"बोलू का चालू?" आतून धापा टाकत आवाज आला.

मग काहीच ऐकू येईना. साडभाऊंचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले. गल्लीतली मंडळीही हसायची थांबली होती. आणि कडी वाजली.

दारात ताई उभी होती. घामानं डबडबलेली, चौकट घट्ट धरलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू, की मी ते तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. साडभाऊंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "चपला काहून नाई घातल्या?" एवढंच ओरडले आणि अंगणातल्या नळावर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत बसले.

मला स्टँडवर सोडायला आले, तेव्हा म्हणाले, "साडभाऊ, ते पडली होती ना, तवा दार उघडल्यावर मले पहिले तिचा आवाजच नाई आला. एकट्या मानसाले घर लय मोठं होते हो." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. समजूत घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ताई आता रोज संध्याकाळी एकटी मारुतीच्या देवळापर्यंत जाते. परवा मी गेलो, तेव्हा साडभाऊ बाहेरच्या पायरीवर बसून गल्लीच्या वळणाकडे पाहत होते. आत बसा म्हटलं, तर म्हणाले, "आत करमत नाई." बराच वेळ आम्ही तसेच बसलो. वळणावर ताईचं हिरवं लुगडं दिसलं. हळू, पण सरळ चालत येत होती. तसे साडभाऊ लगबगीनं उठले, आत गेले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

ताईनं चपला काढल्या. आतून जांभई देत आवाज आला, "आली का व? माहा तं डोयाच लागला होता."