केडगावच्या सिग्नलला आलेला वास

"आरं, पाक करपला! कानातलं काढ ते!" रुळाशेजारच्या आमच्या गुऱ्हाळावर आप्पा असे ओरडले, की राहू गावातली झोपलेली कुत्री पार खुटबाव गावात जाऊन भुंकली.

पण मी कुठला ऐकतोय? माझ्या लाडक्या बँडची गायिका पॉडकास्टवर सांगत होती, "केडगावजवळ गाडी सिग्नलला थांबली, खिडकीतून गुळाचा वास आला आणि चाल सुचली." ते गाणं मी लाखभर वेळा ऐकलं होतं, त्यात आमचा गूळ शिजतोय, हे मात्र त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून गुळाची ढेप घेऊन मी रुळाकडेला उभा राहतो. थांबलेल्या गाडीची एक खिडकी सोडत नाही.

"आप्पा, कवातरी दिसंल की ती," परवा म्हणालो.

"आता एसीनं जात आसंल," आप्पा म्हणाले. "त्या खिडक्या उघडत न्हाईत."