आमच्या वस्तीला साजेल असं कुत्रं

लांडग्यानं आमची दुसरी शेळी नेली ती भर दुपारी. मी विहिरीवर धुणं आपटत होते. पोरगी लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत झोपली होती आणि शेळी तिच्यापासून चार हातांवर. दावं तुटल्याचा हिसका ऐकून मी वळले, तोवर लांडगा शेळीची मान धरून ज्वारीत शिरला होता. मी नुसती झोळीकडं बघत राहिले. ती हलत होती.

त्या संध्याकाळी मालक रानातून आल्याबरोबर मी म्हटलं, "वस्तीवर कुत्रं आणा, न्हायतर मला माहेरी घालवा."

अणदूरपासून कोसभरावर आमची वस्ती. घरात आम्ही चौघंच. मालक दिवसभर रानात. मी, बसायला लागलेली पोरगी आणि माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणायची. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या. मामंजींचे डोळे मोतीबिंदूनं अधू झाले होते. उजेड-अंधार कळायचा, माणूस सावलीसारखा दिसायचा. सकाळी कपाळावर भस्माची ईबत लावून, गळ्यातल्या लिंगाची पूजा करून ते ओसरीवर बसत, ते उन्हं उतरेपर्यंत.

कुत्रं आणायचं ठरलं, पण कसलं, यावर घरात चार दिवस बोलणं चाललं. गावातलं एक पिल्लू आणून बघितलं होतं मागं. ते दोनदा पळून गावात गेलं. बाजाराच्या वासाची सवय लागलेलं कुत्रं एकट्या वस्तीवर राहत नाही. मालकांच्या मनात कारवानी होता. उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेला, वाऱ्यासारखा पळणारा शिकारी कुत्रा. गावातल्या एका वतनदार मुसलमान गृहस्थांकडं तसले दोन होते. ते मामंजींचे लहानपणापासूनचे मैतर. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मालकांनी शब्द टाकला, तसे चाचा स्वतःच घोडीवरून वस्तीवर आले, मागं दोन्ही कुत्री.

चाचा ओसरीवर बसले नाहीत. त्यांनी आधी घराभोवती एक फेरी मारली, झोळी बघितली, चुलीकडं बघितलं, मग मामंजींच्या शेजारी येऊन टेकले.

"ये जनावर दौडने का है, बैठने का नै," ते म्हणाले. "भोंकता नै, पकडता है. इसकू गोश्त होना. तुमारे घर में तो अंडा भी आता नै. महिनेभर में सूक के मरेगा, नै तो किसी की बकरी मारेगा."

मालकांचं तोंड उतरलं. मामंजी हसले. "मग आमच्या घराला कसलं पायजे, ते तरी सांगा."

"धनगर का लेव. भाकर-ताक पे जीता. और मादी लेव. नर गाँव-गाँव फिरता, मादी जगह पकडती."

त्या दिवसांत आमच्या काढणी झालेल्या रानात धनगरांची मेंढरं खतासाठी बसायला आली होती. त्यांच्या एका कुत्रीची पिल्लं तीन-चार महिन्यांची होती. आम्ही सगळेच गेलो. मालक पिल्लांचे पाय बघत होते, दात बघत होते. मामंजी काठीवर हात टेकून उभे राहिले आणि धनगराला म्हणाले, "मला दिसत न्हाय बाबा. मला आवाजाचं कुत्रं दे."

धनगरानं एक कोकरू उचलून दूर नेलं आणि त्याला ओरडायला लावलं. पिल्लं भुंकू लागली. मामंजी मान कलती करून ऐकत होते. मग काठीनं एका बाजूला दाखवून म्हणाले, "ही. हिचा आवाज छातीतून येतोय." ती काळसर, केसाळ, बोजड पायांची मादी होती. दिसायला अगदी साधी. मालकांना आवडली नव्हती, तरी त्यांनी तिलाच उचलून काखेत घेतलं.

तिचं नाव कुणी ठेवलंच नाही. मामंजी कानडीत "बा, बा" म्हणजे "ये, ये" करायचे, तेवढ्यावरच ती यायची. चाचा म्हणाले होते तसंच झालं. कुत्रीनं जागा धरली. झोळी आणि ज्वारी यांच्या मधोमध ती पडून असायची. पाऊस सरल्यावर लांडगा एकदा बांधापर्यंत आला, तिचा आवाज ऐकून उभा राहिला आणि परत फिरला. पुन्हा आला नाही. मामंजी विहिरीकडं निघाले की ती पुढं चालायची आणि ते तिच्या पावलांच्या आवाजावर जायचे. गुरं-ढोरं आली तर तिचं भुंकणं वेगळं, माणूस आलं तर वेगळं. मामंजी ओसरीवरून सांगायचे, "पोरी, कोण तरी पाव्हणं आलंय, चूल फुंक." मी खरोखर निर्धास्त झाले होते. धुणं धुताना माझं मागं वळून बघणं सुटलं.

पुढच्या वर्षी पलीकडं, इंग्रजांच्या मुलखात, स्वातंत्र्य आलं. माझं माहेर सोलापूरकडचं, म्हणजे त्या बाजूला. आमच्याकडं मात्र निजामाचीच राजवट राहिली आणि दिवस फिरले. निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं वस्त्या लुटत फिरायची. आसपासच्या वस्त्यांवरची घरं एकेक करून कुलूप लावून हद्दीपलीकडं गेली. मामंजी म्हणाले, "मला दिसत न्हाय, पण हितली वाट पायाला ठावी हाय. तिकडं जाऊन मी काय करू?" म्हणून आम्ही राहिलो. आमच्या राखणीला ती कुत्री.

माघात एका सकाळी कोल्हा आला. दिवसाउजेडी, माणसांना न भिता, सरळ गोठ्याकडं. त्याचा जबडा लोंबत होता. कुत्रीनं त्याला खळ्यात गाठला आणि मारला, पण तिचा ओठ फाटला. मामंजींनी हळद भरली, कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुतली. चाचांना कळलं तसे ते दुपारीच आले.

"कोल्हा दिन को आया? सीधा आया?" त्यांनी दोनदा विचारलं. मग मामंजींना म्हणाले, "यारा, मेरी सुन. इसका आजच फैसला कर."

"तिनं लेकरू राखलं," मामंजी म्हणाले. "फैसला कशाचा करू?"

शेवटी तिला साखळीनं बांधायचं ठरलं. ती बरेच दिवस बांधलेली होती. भाकरी खायची, पाणी प्यायची, जखम भरून आली. होळीच्या आधी मामंजींनी आपल्या हातानं साखळी सोडली. मालकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मलाही नाही.

होळी झाली आणि दोन-चार दिवसांनी मामंजींनी ओसरीवरून मला हाक मारली. "पोरी, हे कुणाचं कुत्रं भुंकतंय?"

मी बाहेर येऊन बघितलं. अंगणात आमचीच कुत्री उभी होती. दुसरं कुत्रं नव्हतं. ती भुंकत होती, पण आवाज घोगरा, मध्येच चिरकणारा, शेवटी रडल्यासारखा लांबणारा. मी म्हटलं, "मामंजी, आपलीच हाय."

ते ताडकन उठले. "पोरगी कुठं हाय?"

पोरगी तेव्हा अंगणभर पळत असायची. रोजच्यासारखी भाकरीचा तुकडा हातात धरून ती कुत्रीकडंच निघाली होती. मी ओरडले. कुत्री गुरगुरली. मामंजी माझ्यापेक्षा जवळ होते. त्यांना दिसत नव्हतं. ते गुरगुरण्याच्या रोखानं पुढं झाले आणि दोघींच्या मध्ये पडले. पोरगी आपटून तिचा गुडघा सोलवटला. मी तिला उचललं तेव्हा मामंजींचं मनगट कुत्रीच्या तोंडात होतं. त्यांनी हात ओढला नाही. दुसऱ्या हातानं तिची मान आवळली, तशीच तिला फरपटत कडब्याच्या खोलीत नेली, आत लोटली आणि कडी लावली. मग भिंतीला पाठ टेकून खाली बसले. पोरीच्या गुडघ्यावरच्या रक्ताला कुत्रीच्या तोंडचा फेस लागला होता.

खंडोबाचं गाव आमचं. कुत्रं म्हणजे देवाचं. त्याच्यावर कुऱ्हाड उचलायला गावातून कुणी येईना. चाचा बंदूक घेऊन आले. खोलीच्या फटीतून त्यांनी एकच बार काढला.

जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस इथं नाही, रस्ते बंद असल्यानं वरून आलेली नाही, सोलापूर गाठा. दोघांनाही, म्हातारबाबांना आणि पोरीला. आणि लवकर.

गुरं आणि घर टाकून मालकांना निघता येईना. चाचांनी आपली बैलगाडी जोडली आणि स्वतः पुढं बसले. मी पोरीला मांडीवर घेतलं. मामंजी बांधलेला हात छातीशी धरून बसले होते. वाटभर ते पोरीला चिमण्यांचे आवाज काढून दाखवत होते.

हद्दीवरच्या नाक्यावर गाडी अडवली. शिपाई म्हणाला, "बच्चे को और माँ को जाने देता. मर्द नक्को."

"ये मर्द है?" चाचा गाडीतून उतरले. "अंधा आदमी है. पागल कुत्ता काटा है इसकू. दवा नै मिली तो मरेगा."

"हुकुम नै."

चाचांनी आपलं घराणं सांगितलं, हात जोडले, शेवटी ते चढ्या आवाजात भांडले. शिपायानं बंदूक खांद्यावरून काढली. तेव्हा मामंजीच काठी चाचपत खाली उतरले.

"राहू दे," ते म्हणाले. "पोरी, तू जा. लेकराला लागंल ते आधी कर. माझं आपण मागनं बघू."

मी पाया पडले. त्यांनी कमरेच्या डबीतून ईबत काढून पोरीच्या कपाळाला लावली. दिसत नसल्यामुळं ती भुवईवर लागली. पलीकडं जाणाऱ्या बायकांच्या एका गाडीत मी चढले. चाचा मामंजींचा हात धरून त्यांना परत गाडीत बसवत होते.

सोलापूरच्या दवाखान्यात पोरीच्या पोटात रोज एक सुई टोचत. माझा भाऊ तिचे पाय धरायचा, मी हात. सुईचं तोंड दिसलं की ती श्वास कोंडून निळी पडायची. मी डॉक्टरांना म्हटलं, "थोडं औषध बांधून द्या, कसंही करून सासरी पोचवते." ते म्हणाले, "ते असं नेता येत नाही हो, बर्फात ठेवावं लागतं." मी तरी रोज विचारायची. शेवटी शेवटी मी दिसले की ते दुसऱ्या खाटेकडं वळायचे.

सुया संपल्यावरही मी माहेरीच अडकले, परत जायला वाट नव्हती. रोज सकाळी उठून मी पहिल्यांदा पोरीपुढं पाण्याचा तांब्या धरायची. ती घटाघटा प्यायली की माझा तेवढा दिवस निघायचा. एखाद्या दिवशी खेळण्याच्या नादात तिनं तांब्या झिडकारला की मी तो घेऊन दिवसभर तिच्यामागं फिरायची. आई म्हणायची, "अगं, तिला तहान नसंल." मला ते ऐकू यायचं नाही.

वैशाखात सरहद्दीवरून आलेली एक बांगडीवाली आमच्या गल्लीत आली. तिनं माझं सासर विचारलं आणि हातातली बांगडी तशीच ठेवून म्हणाली, "बाई, तुजा सासरा गेला की." तिला त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

भादव्यात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. दसऱ्याच्या सुमारास मालक मला न्यायला आले. त्यांची दाढी वाढली होती, आणि पोरीनं त्यांना ओळखलं नाही. गाडी अणदूरमधून चालली तेव्हा बघितलं, चाचांच्या घराला दारं नव्हती. आढं जळून खाली आलं होतं. मी मालकांकडं बघितलं.

"बाहेरगावची माणसं आली व्हती, सूड घ्यायला," ते म्हणाले. "ज्यांनी छळलं ते कवाच पळाले व्हते. हे घरातच राहिले. मी त्यांच्या घरच्या बायकांना आपल्या कडब्यात लपवलं, मग हैदराबादच्या वाटंला लावलं. चाचांपातूर पोचलो न्हाय."

"आणि गावातली?"

"बघत उभी व्हती," ते म्हणाले.

वस्तीवर पोचल्यावर त्यांनी मला विहिरीच्या वरच्या अंगाला नेलं. मामंजींना आमच्या रीतीप्रमाणं तिथं बसवून पुरलं होतं. मातीवर गवत उगवलं होतं. मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, ते एकदाच.

हातात मुंग्या येऊ लागल्या त्या दिवशीच मामंजींना समजलं होतं. त्यांनी स्वतःला कडब्याच्या खोलीत कोंडून घेतलं आणि मुलाला बाहेरून कडी लावायला सांगितली. चाचा रोज येऊन दाराबाहेर बसत. दोघं तरुणपणीच्या गोष्टी काढत, एकमेकांना शिव्या देत. मग मामंजींना बोलताना घशात झटके येऊ लागले, तेव्हा चाचा एकटेच बोलत राहिले. आतून उत्तर येईनासं झालं तरी ते उठले नाहीत.

"काही बोलले का शेवटाला?" मी विचारलं.

मालक गवत उपटत होते. "पोरगी कशी हाय, हेच इचारत व्हते. तुमचा तर काई निरोप न्हवता. जिती हाय का मेली, मला तरी काय ठावं? म्या म्हनलं, बरी हाय, सुया लागू पडल्या."

त्यानंतर आम्ही वस्ती मोडली आणि गावात राहायला आलो.