हळदीकुंकवाचं मॉडेल

विद्यापीठात मी गुंतागुंतीच्या व्यवस्थांची मॉडेलं करायला शिकवतो. म्हणजे जे कुणालाच कळत नाही ते चार समीकरणांत बसवायचं आणि कळलं असा चेहरा करायचा. चेहरा मला चांगला जमतो. कुठलंही मॉडेल करताना काय गाळायचं हे कळण्यातच खरं शहाणपण आहे, असं मी मुलांना दरवर्षी बजावतो.

यंदा चैत्रात हे शहाणपण मी घरी आणलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई पहिल्यांदाच चैत्रगौरीचं हळदीकुंकू करणार होती. इथे हिंदी मुलखात, रामघाटावर मराठी घरं आता मोजकीच, त्यात वर्षभर तिचं बाहेर जाणं बंद. या दिवसाकडे ती डोळे लावून बसली होती. निरोप द्यायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं आणि माझ्यातला उंटावरचा शहाणा जागा झाला. जिना अरुंद, खोली लहान, सगळ्या एकदम आल्या तर आई दमणार! मी लॅपटॉपवर प्रत्येक बाईचा एक ठिपका केला. पडद्यावर दिवेलागणीच्या वेळेला ठिपक्यांची झुंबड उडाली. लगेच मी सगळ्यांना मोबाइलवर कळवलं, की संध्याकाळी फार गर्दी होणार आहे, आईला त्रास होईल, तेव्हा जमल्यास ती वेळ टाळावी.

आई दुपारपासूनच ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून बसली होती. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं तयार होतं. दिवे लागले तरी जिन्यावर कुणाचं पाऊल वाजेना. शेवटी मी संकठा घाटावरच्या काकूंना, आईच्या सर्वांत जुन्या मैत्रिणीला, फोन केला.

"अरे, तूच लिहिलंस ना भीड होणार म्हणून? मी म्हटलं, बाकीच्या जातीलच, आपण कशाला वहिनींना परेशान करायचं? आता कळतंय, सगळ्यांनीच तसं म्हटलं असणार."

भाकीत माणसांच्या कानावर गेलं की माणसं बदलतात, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. पण ठिपक्यांकडे मोबाइल नव्हते. मी आईला समजावू लागलो, की मॉडेल तसं बरोबरच होतं, फक्त त्यात माझा निरोप धरायचा राहिला.

"ते असू दे. पण गर्दी नको असं तुला कोण म्हणालं?"

"तू दमली असतीस."

"दमायचंच होतं रे मला आज," ती म्हणाली, आणि केसांतला गजरा काढून तिनं ताटात ठेवला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.