पत्र मिळाले, माल नको

विष आहे, हे सगळ्यांना माहीत असताना त्याला 'औषध' म्हणणारी आपली भाषा मोठी दिलदार. ढेकणांचं औषध, उंदरांचं औषध, पिकावर मारायचं औषध. ऐकणाऱ्याला वाटावं, ढेकूण आजारी आहेत आणि त्यांची काळजी घेतली जातेय! या औषधांवर नजर ठेवायला सरकारने जो विभाग काढला होता, त्यात दोन टेबलं, तीन खुर्च्या आणि पोचबाई होत्या.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. एरवी सगळे पोचबाईच म्हणत, कारण पोच देणं हेच त्यांचं काम. बऱ्याच देशांनी मिळून एक करार केला होता. एखाद्या देशाने एखादं विष स्वतःच्या घरी बंद केलं आणि तरी ते बाहेर विकायचं असलं, तर ज्याला विकायचं त्याला आधी पत्र लिहून कळवायचं. त्या देशाने तीस दिवसांत पत्राची पोच द्यायची आणि माल नको असेल तर तसं सांगायचं. किती सभ्य व्यवस्था! आमच्याकडे हे चालत नाही, तुमच्याकडे पाठवू का, असं विचारून पाठवायचं.

पोचबाई अकरा वर्षं पोच देत होत्या. टपाल आलं की आवक रजिस्टरला नोंद, मग छापील फॉर्म, 'आपले पत्र मिळाले', खाली सही, शिक्का, जावक. एकही तारीख चुकली नव्हती. घरी मात्र सासूबाई उठता-बसता म्हणत, "हिला काडीची पोच नाही." पोचबाई यावर हसायच्या. दिवसभर सरकारला वाटून घरी उरणार किती, असं त्या शेजारणीला सांगायच्या.

आता 'नको' म्हणायचं तर ते कारकुनाचं काम नव्हे. त्यासाठी समिती होती. समितीत तीन जण: अध्यक्ष म्हणून मोठे साहेब, शेतकी खात्याचे साहेब आणि आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई. नियम असा, की तिघंही हजर असल्याशिवाय गणपूर्ती नाही आणि गणपूर्तीशिवाय बैठक नाही. एक दौऱ्यावर, दुसरे रजेवर, तिसऱ्याची बदली. सहा वर्षांत बैठक झालीच नव्हती. सरकारी काम, सहा महिने थांब, असं लोक म्हणतात. इथे सहा वर्षं थांबूनही कुणाचं काही बिघडलं नव्हतं. निदान ऑफिसातल्या कुणाचं तरी.

पलीकडचे देश मात्र पोच पाहून समजत, की हरकत नाही. आणि पिंपं बोटीवर चढत.

त्या दिवशी आलेल्या पत्रात नेहमीसारखंच सगळं होतं. औषधाचं लांबलचक नाव, पाठवणाऱ्या देशात बंदी, कारण 'मज्जासंस्थेस कायमची इजा', चाळीस पिंपं. पोचबाईंनी फॉर्म ओढला आणि आयातदाराचं नाव उतरवून घ्यायला लागल्या. अर्ध्यावर त्यांचं पेन थांबलं. ती रोपवाटिका होती आणि त्यांची धाकटी बहीण तिथे नऊ वर्षं रोपं बांधायला जात होती.

धाकटीचे हात दोन वर्षांपासून कापत होते. सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या मुलीला बोलवायची. कपात चहा अर्धाच ओतून घ्यायची. दवाखान्यात सांगितलं, मनावर घेऊ नका. मालक म्हणाला, वयाने होतं. धाकटी छत्तीस वर्षांची होती.

पोचबाई फाइल घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, याला नको म्हणायला हवं."

"म्हणूया की. समिती बसली की म्हणूया."

"समिती कधी बसणार?"

"विषय मोठा असला की बसेल." साहेबांनी चष्मा पुसला. "तोवर पोच द्या. पोच म्हणजे काही होकार नव्हे."

नियमाप्रमाणे ते खरंच होतं. होकार नव्हे; पण नकार तरी कुठे होता? सगळे मूग गिळून बसलेले आणि त्या गप्प बसण्याखाली सही पोचबाईंची.

त्यांनी चोवीस दिवस काढले. पंचविसाव्या दिवशी फॉर्म भरला. तळाशी 'शेरा' नावाचा रकाना होता, अकरा वर्षांत कधी न वापरलेला. त्यात त्यांनी लिहिलं: 'पत्र मिळाले. माल नको.' सही केली, शिक्का मारला आणि लिफाफा स्वतः टपालात टाकून आल्या.

आठ दिवसांत उत्तर आलं. पलीकडचे लोक कागदाला कागद समजणारे. 'आपला नकार मिळाला. माल रोखला आहे. आभारी आहोत.'

मग मात्र ऑफिस जागं झालं. रोपवाटिकेच्या मालकाची तक्रार वरपर्यंत गेली आणि वरून खाली कोसळली. पोचबाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली: समितीचा अधिकार आपण कसा वापरला? आणि या गुन्ह्याचा विचार करायला, सहा वर्षांत पहिल्यांदा, समिती बसली. तिघंही वेळेवर. कागदावर विष आलं तेव्हा विषय लहान होता. कारकुनाने दोन शब्द लिहिले तेव्हा तो मोठा झाला.

"पुरावा काय होता तुमच्याकडे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आहे साहेब. बाहेर बाकावर बसलीय."

धाकटीला आत बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. बाहेरच्या माणसाने आधी हजेरीवर सही करायची, असा नियम. तिने पेन दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ लागला. पोचबाईंना वाटलं, उठावं आणि तिचा हात धरून सही करून द्यावी. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती तशी.

मोठ्या साहेबांनी सही धाकटीच्या ओळखपत्राशी ताडून पाहिली. "जुळत नाही."

"दोन वर्षांपूर्वीपर्यंत जुळायची," धाकटी म्हणाली.

"सही जुळत नसेल तर साक्ष नोंदवता येत नाही. नियम आहे. या तुम्ही."

ती गेली. डॉक्टरीणबाई त्या सहीकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी रजिस्टर हळूच मिटलं.

मोठ्या साहेबांनी तयार करून आणलेला ठराव वाचला: 'सदर औषध निर्धोक असल्याची समितीची खात्री झाली असून नकार मागे घेण्यात येत आहे.' खाली तीन सह्यांच्या जागा. कागद शेतकी साहेबांकडे गेला. ते म्हणाले, "निर्धोक म्हणायचं तर आधी आरोग्य खात्याने सही करावी." कागद डॉक्टरीणबाईंकडे सरकला. "माझ्या नावावर हे वाक्य नको. अध्यक्षांनी सुरुवात करावी." अध्यक्षांनी पेन उघडलं, पुन्हा टोपण लावलं. "घाई कशाला? आधी चहा घेऊ." मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच पुढे येईना. ज्या आळसावर सहा वर्षं पिंपं आत आली, त्याच आळसाने आता दार लावून धरलं होतं. नोटीस मात्र कायम राहिली. तिच्यावर सही आधीच झालेली होती.

चहा येईपर्यंत पोचबाई बाहेर आल्या. त्यांना हसू फुटत होतं.

"ताई, काय ठरलं?" धाकटीने विचारलं.

"काहीच ठरलं नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे माल येत नाही. तो नकार मागे घ्यायला कुणी सही करायला तयार नाही."

"बरं झालं बाई," धाकटी म्हणाली. "मालक काळजीत होते. पण गोदामात त्याच औषधाची अजून सहा पिंपं आहेत म्हणे, हा हंगाम निघेल त्यात. उद्यापासून फवारणी आहे."

पोचबाईंचं हसू गेलं. "ती कधी आली?"

"गेल्या वर्षी."

गेल्या वर्षीच्या पोचेवर सही कुणाची, हे बघायला त्यांना फाइल काढावी लागणार नव्हती. त्या धाकटीला म्हणाल्या, "तू उद्या जायचं नाहीस. इथेच बस. मी आले."

आणि त्या सहा पिंपांचा विषय घेऊन, दार न ठोठावता, त्या पुन्हा आत गेल्या. चहा नुकताच आला होता. तिघंही अजून जागेवर होते, गणपूर्ती होती.